टोमॅटो, श्वेतपत्रिका आणि लोकमत

२० एप्रिल १९५९. मुंबईतल्या चिनी वकिलातीसमोर निदर्शने चालू होती. तिबेटमधला उठाव चीनने चिरडला होता, दलाई लामा तीनच आठवड्यांपूर्वी भारतात आले होते. निदर्शकांनी माओ त्से-तुंग यांचे चित्र वकिलातीच्या भिंतीला चिकटवले आणि त्यावर टोमॅटो व सडकी अंडी फेकली. त्या काळच्या मुंबईला मोर्च्यांची काय नवलाई! दोन दिवसांत शहर हा प्रकार विसरलेही असेल.

पेकिंग विसरले नाही. आठवड्याभरात निषेधाचा खलिता आला. पासष्ट कोटी जनतेच्या नेत्याचा हा अपमान आहे. शंभर वर्षे लागली तरी समाधानकारक निकाल लागेपर्यंत आम्ही हे प्रकरण सोडणार नाही, असा त्याचा सूर होता. दिल्लीने खेद व्यक्त केला. पण इथे लोकांना मत मांडण्याचे स्वातंत्र्य आहे, हेही कळवले. गंमत अशी, की ज्या देशात सरकारविरुद्ध मोर्चा काढण्याची सोय नव्हती, तोच देश आपल्या जनतेच्या भावनांचा दाखला देत होता.

नाना फडणिसांना आपली पत्रे चावडीवर वाचून दाखवावी लागत नव्हती. नेहरूंना लोकसभेत उत्तर द्यावे लागे. तरीही चीनच्या बाबतीत त्यांनी बरीच वर्षे नानांचीच रीत पाळली. अक्साई चीनमधून रस्ता गेल्याचे सरकारला कळले होते, १८ ऑक्टोबर १९५८ रोजी तसा निषेधही नोंदवला होता. संसदेला मात्र पत्ता नव्हता. लोक ‘हिंदी-चिनी भाई भाई’च्या आठवणीतच होते.

२५ ऑगस्ट १९५९ रोजी लोंगजू येथे गोळीबार झाला आणि झाकपाक अशक्य झाली. ७ सप्टेंबरला सरकारने १९५४ पासूनचा सारा पत्रव्यवहार श्वेतपत्रिका म्हणून संसदेपुढे ठेवला. मुंबईच्या टोमॅटोंचा खलिताही त्यातच आहे. पाच वर्षांचे कडवट सत्य लोकांनी एका बैठकीत वाचले. संताप झाला नसता तरच नवल. त्यात २१ ऑक्टोबरला लडाखमध्ये कोंगका खिंडीजवळ आपले पोलीस मारले गेले. आपण दरवर्षी पोलीस स्मृतिदिन पाळतो, तो याच घटनेचा.

एप्रिल १९६० मध्ये चौ एन-लाय दिल्लीला आले, तेव्हा बोलणी करायला जागा उरली होती कुठे? पूर्वेकडचा आपला ताबा चीन मान्य करील, पश्चिमेकडचा त्यांचा आपण करावा, असे त्यांनी सुचवले. विरोधी पक्षांनी आधीच नेहरूंना लिहून बजावले होते, की भूमी देऊ नका. मार्चमध्ये बेरुबाडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मत दिले होते, की देशाचा भूभाग द्यायचा तर घटनादुरुस्ती हवी. म्हणजे दोन-तृतीयांश मते हवीत. ती त्या वातावरणात कोण देणार?

लोकमताने नेहरूंचे हात बांधले, असे पुष्कळ अभ्यासक म्हणतात. मला ते अर्धेच पटते. एक तर नेहरूंनाही आपला दावा खरा वाटत होता. दुसरे, हात बांधणारी दोरी सरकारनेच वळली होती. १९५४ पासून थोडे थोडे सांगितले असते, तर लोकांनी ते पचवले असते, देवाणघेवाणीवर वाद घातला असता. एकदम कळले, तेव्हा प्रत्येक तडजोड त्यांना फसवणूक वाटू लागली. हा दोष मी लोकांच्या माथी मारणार नाही.

सहा दिवस बोलणी झाली. अखेरच्या दिवशी रात्री उशिरापर्यंत चौ पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरे देत बसले. नकाशे आणि कागदपत्रे अधिकाऱ्यांनी तपासावीत, एवढेच ठरले. ऑक्टोबर १९६२ मध्ये युद्ध पेटले. १४ नोव्हेंबरला लोकसभेने आक्रमकाला भारतभूमीवरून हुसकावून लावण्याचा ठराव केला. तो आजतागायत एकाही सरकारने मागे घेतलेला नाही.