शॅग्स : आज्ञेतून जन्मलेले मुक्त संगीत

न्यू हॅम्पशायर, अमेरिका. नाती वाद्यवृंद काढून कीर्ती मिळवतील, असे ऑस्टिन विगिन यांच्या आईने हात पाहून वर्तवले होते. तिची आधीची दोन भाकिते खरी ठरली होती. विगिन यांनी डॉट, बेटी आणि हेलन या मुलींना शाळेतून काढून रोज सरावाला बसवले.

१९६९ मध्ये ‘फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. ताल एकीकडे, सूर दुसरीकडे. कुणी फारशी दखल घेतली नाही. १९७५ मध्ये वडील गेले आणि वादन थांबले.

१९८० मध्ये ध्वनिमुद्रिका पुन्हा निघाली, तेव्हा रसिकांना तिच्यात नियमांपासूनची मुक्ती ऐकू आली. वाजवणाऱ्या बहिणींना ती मुक्ती कधीच लाभली नव्हती. गाणी मात्र डॉटची स्वतःची होती. सराव वडिलांचा, शब्द तिचे. म्हणूनच ही बेसूर गाणी केवळ विनोद ठरत नाहीत.