मैदानानंतरची वाट : क्रीडाउद्योगातील माजी विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन

१९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासाच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले, ही हकीकत मराठी वाचकांना ठाऊक आहे. पदकानंतरची हकीकत मात्र तेवढी सांगितली जात नाही. पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू व्हायला १९५५ साल उजाडले. नोकरी संपल्यावर निवृत्तिवेतनासाठी झगडावे लागले. १९८४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. मैदानापर्यंत पोहोचवणारे शिक्षक त्यांना लाभले होते. मैदान सुटल्यानंतर काय करावे, कुठे जावे, कोणाला भेटावे हे सांगणारी व्यवस्था तेव्हा अस्तित्वातच नव्हती.

आज क्रीडाक्षेत्र हा एक स्वतंत्र उद्योग झाला आहे आणि अशी व्यवस्था जगात अनेक ठिकाणी उभी राहिली आहे. एखाद्या शिक्षणसंस्थेतून, प्रबोधिनीतून किंवा क्लबमधून बाहेर पडून क्रीडाउद्योगात स्थिरावलेल्या ज्येष्ठांनी त्याच संस्थेच्या धाकट्यांना व्यवसायमार्गावर सोबत करणे, हे तिचे स्वरूप होय. आपल्याकडील तालमीत वस्ताद आणि जुने मल्ल नव्या पोरांना डावपेचांबरोबर जगण्याच्या चार गोष्टीही शिकवीत. माजी विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन हे त्याच नात्याचे नियमबद्ध रूप मानता येईल.

प्रशिक्षक, मार्गदर्शक आणि पुरस्कर्ता

या तीन भूमिकांची नेहमी गल्लत होते. प्रशिक्षक विशिष्ट कौशल्य शिकवतो आणि त्याचे मोजमाप करतो. पुरस्कर्ता स्वतःच्या अधिकाराचा व प्रतिष्ठेचा वापर करून एखाद्याचे नाव पुढे करतो. मार्गदर्शकाचे काम या दोहोंहून वेगळे असते. तो आपल्या अनुभवाच्या आधारे समोरच्याला निर्णय घ्यायला मदत करतो. निर्णय मात्र ज्याचा त्यानेच घ्यायचा असतो. मार्गदर्शक पुढे पुरस्कर्ता होऊ शकतो, परंतु तशी अपेक्षा पहिल्या भेटीतच बाळगली तर हे नाते टिकत नाही.

क्रीडाउद्योगात या मार्गदर्शनाची गरज अधिक भासते, याला तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे खेळाडूची कारकीर्द अल्पायुषी असते. इतर व्यवसायांत ज्या वयात माणूस स्थिरावू लागतो, त्या वयात खेळाडू निवृत्त होतो. दुखापत झाली तर त्याहूनही आधी. दुसरे कारण असे की या क्षेत्रातील पदांची नावे व कामे बाहेरच्या माणसाला दिसत नाहीत. प्रशिक्षक व पंच सर्वांना माहीत असतात. परंतु सामन्यांच्या चित्रफितींचे विश्लेषण करणारा, स्पर्धांचे वेळापत्रक व निवासव्यवस्था सांभाळणारा, प्रायोजकांशी करार करणारा, उत्तेजकविरोधी नियमांची माहिती देणारा, खेळपट्टी व हिरवळ राखणारा, क्रीडाकायद्याचा सल्लागार, आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट ही सगळी माणसेही याच उद्योगात पोट भरतात. तिसरे कारण म्हणजे क्लब, संघटना आणि लीग यांचे कार्यालयीन मनुष्यबळ लहान असल्याने अनेक जागा जाहिरात निघण्यापूर्वीच ओळखीतून भरल्या जातात.

ओहायोपासून न्यूशातेलपर्यंत

क्रीडाव्यवस्थापन हा विद्यापीठात शिकण्याचा विषय आहे, ही कल्पना अमेरिकेत रुजली. बेसबॉलमधील डॉजर्स संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी १९५७ च्या सुमारास प्राध्यापक जेम्स मेसन यांच्यापुढे एक प्रश्न मांडला. संघाचा कारभार, तिकीटविक्री, मैदानाची व्यवस्था आणि हिशेब सांभाळू शकणारी माणसे कोणते विद्यापीठ घडवते? तसे विद्यापीठ तेव्हा नव्हते. मेसन पुढे ओहायो विद्यापीठात गेले आणि १९६६ मध्ये तेथे क्रीडाप्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. १९७१ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने ॲमहर्स्ट येथे असाच विभाग स्थापन केला. सुरुवातीच्या तुकड्यांतील विद्यार्थी संघांमध्ये आणि लीगमध्ये अधिकारपदांवर पोहोचले, आणि नव्या पदवीधराला कामाची पहिली संधी त्यांच्याच कार्यालयांत मिळू लागली. या अभ्यासक्रमांची प्रतिष्ठा जेवढी वर्गातील शिकवणीवर, तेवढीच माजी विद्यार्थ्यांच्या साखळीवर उभी राहिली.

युरोपात याच वळणाचे उदाहरण म्हणजे फिफा मास्टर. स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथील क्रीडाअभ्यास केंद्राने २००० साली हा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थी इंग्लंडमधील लेस्टर, इटलीतील मिलान आणि न्यूशातेल अशा तीन शहरांत अनुक्रमे क्रीडेचा मानव्यविद्येच्या अंगाने अभ्यास, व्यवस्थापन आणि कायदा शिकतात. तुकडी लहान, देश अनेक आणि वर्षभराचा सहवास, यांमुळे माजी विद्यार्थ्यांचे नाते घट्ट होते. मँचेस्टर युनायटेडकडून खेळलेला दक्षिण कोरियाचा पार्क जी-सुंग २०१४ मध्ये निवृत्त झाल्यानंतर याच अभ्यासक्रमाला बसला. पुढे २०१७ मध्ये तो आपल्या देशाच्या फुटबॉल संघटनेत युवाविकासाच्या कामावर नियुक्त झाला. एवढ्या नामवंत खेळाडूलाही कार्यालयाच्या दारात शिरण्यापूर्वी विद्यार्थी व्हावेसे वाटले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेही २००५ मध्ये ॲडेको या मनुष्यबळ कंपनीच्या सहकार्याने खेळाडूंसाठी शिक्षण, जीवनकौशल्ये आणि रोजगार अशा तीन अंगांनी साहाय्याचा कार्यक्रम सुरू केला.

ओळखीचे बळ

माजी विद्यार्थ्यांची साखळी परिणामकारक का ठरते, याचे उत्तर समाजशास्त्रात मिळते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवले की नोकरीची उपयुक्त माहिती पुष्कळदा जिवलग मित्रांकडून येत नाही. ती क्वचित भेटणाऱ्या, दूरच्या ओळखीच्या माणसांकडून येते. जिवलग मित्र आपल्याच वर्तुळात वावरतात आणि आपल्याला जे ठाऊक असते तेच त्यांनाही ठाऊक असते. दूरचा परिचित दुसऱ्या वर्तुळातील बातमी आणतो.

खेळाडूचे वर्तुळ तर फारच आवळलेले असते. सकाळ-संध्याकाळचा सराव, तेच सहकारी, तोच प्रशिक्षक आणि त्याच स्पर्धा. अशा खेळाडूच्या दृष्टीने दहा वर्षांपूर्वी त्याच संस्थेतून गेलेला आणि आज प्रक्षेपण कंपनीत किंवा क्रीडासाहित्याच्या व्यवसायात असलेला माजी विद्यार्थी हा असाच दूरचा परिचित ठरतो. एका मैदानाची आठवण दोघांत समान असल्याने पहिला फोन करायला संकोच वाटत नाही.

भारतातील पाया

भारतात या क्षेत्राचे शिक्षण देणाऱ्या जुन्या संस्थांमध्ये ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था अग्रगण्य आहे. १८५७ च्या संग्रामाच्या शताब्दी वर्षात, १९५७ च्या ऑगस्टमध्ये, राणी लक्ष्मीबाईंनी जेथे देह ठेवला त्याच शहरात ती स्थापन झाली. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवीत आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची परंपरा तर १९१४ पासूनची. या संस्थांचे माजी विद्यार्थी देशभरातील शाळा, विद्यापीठे, सैन्यदले आणि क्रीडाप्राधिकरणे यांत विखुरलेले आहेत.

केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २९ ऑगस्ट २०२४ रोजी, राष्ट्रीय क्रीडादिनी, निवृत्त खेळाडूंच्या सक्षमीकरणासाठी ‘रीसेट’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. २० ते ५० वर्षे वयाच्या निवृत्त खेळाडूंना शिक्षणाच्या पातळीनुसार क्रीडाक्षेत्रातील विविध कामांचे प्रशिक्षण देण्याची ही योजना असून तिच्या प्रारंभिक टप्प्याची धुरा ग्वाल्हेरच्या संस्थेकडे देण्यात आली. सरकारी प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष नोकरी यांतील अंतर भरून काढण्याचे काम माजी विद्यार्थीच अधिक चांगले करू शकतात.

गोव्याचा संदर्भ

गोव्यात हा प्रश्न अधिक जवळचा आहे. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तीन क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली. राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवणारा धेंपोसारखा क्लब राष्ट्रीय पातळीवरून बाजूला झाला, तेव्हा परिणाम केवळ खेळाडूंवर झाला नाही. राष्ट्रीय स्पर्धेमुळे व्यवस्थापक, फिजिओ आणि साहित्य सांभाळणारे कामगार यांना मिळणारे कामही आक्रसले. धेंपो पुढे २०२४-२५ च्या मोसमात आय-लीगमध्ये परतला खरा. पण एका पिढीची ऐन उमेदीची वर्षे मधल्या काळात निघून गेली.

२०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ३७ वी राष्ट्रीय क्रीडास्पर्धा गोव्यात झाली. अशा स्पर्धेत स्वयंसेवक, पंच, तांत्रिक अधिकारी व व्यवस्थापन साहाय्यक यांना मोलाचा अनुभव मिळतो. तो अनुभव कागदावर मांडायचा कसा आणि पुढील स्पर्धेच्या आयोजकांपर्यंत न्यायचा कसा, हे न कळल्यास तो आठवणींच्या छायाचित्रांपुरता उरतो. मार्गदर्शकाची गरज नेमकी येथे असते. मैदानाकडून तांत्रिक कामाकडे वळण्याचे उदाहरण गोव्यात शोधावे लागत नाही. साळगावकरकडून खेळलेले डेरिक परेरा यांनी महिंद्र युनायटेडला २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली आणि पुढे एफसी गोवाच्या तांत्रिक संचालकपदाचीही जबाबदारी सांभाळली.

कार्यपद्धती

यशस्वी उपक्रमांची घडण साधारण सारखी असते.

१. नोंदवही : माजी विद्यार्थ्यांचे नाव, वर्ष, खेळ, सध्याचे काम आणि किती वेळ देता येईल याची नोंद संमती घेऊनच ठेवली जाते.

२. जुळणी : खेळापेक्षा कामाचे क्षेत्र पाहून जोड्या लावल्या जातात. हॉकीपटूला विश्लेषक व्हायचे असेल तर त्याला हॉकीच्या ज्येष्ठाहून फुटबॉलमधील विश्लेषक अधिक उपयोगी पडतो.

३. मुदत : सहा महिने ते एक वर्ष, महिन्यातून एक भेट. मुदत ठरलेली असली की दोन्ही बाजूंना मोकळेपणा राहतो.

४. उद्दिष्ट : पहिल्याच भेटीत एक-दोन निश्चित गोष्टी लिहून काढतात, उदाहरणार्थ, प्रशिक्षक परवान्याचा पहिला टप्पा पूर्ण करणे किंवा एका स्पर्धेच्या कार्यालयात काम पाहणे.

५. प्रत्यक्ष कृती : परिचयपत्र तपासणे, मुलाखतीचा सराव आणि एक दिवस ज्येष्ठाबरोबर त्याच्या कामाच्या ठिकाणी घालवणे.

मार्गदर्शन घेणाऱ्याच्या अंगीही काही पथ्ये हवीत. पहिल्याच भेटीत नोकरी मागू नये, कामाविषयी विचारावे. प्रश्न आधी लिहून न्यावेत, ठरलेली वेळ पाळावी आणि मिळालेल्या सल्ल्याचे पुढे काय केले हे आवर्जून कळवावे. ज्येष्ठ माणूस दुसऱ्यांदा वेळ देतो तो बहुधा या शेवटच्या गोष्टीमुळे.

मर्यादा आणि सावधगिरी

या व्यवस्थेला दुसरी बाजूही आहे. मोठ्या शहरातील, महागड्या अभ्यासक्रमातील किंवा नामवंत क्लबमधील मुलांनाच साखळीचा लाभ मिळाला, तर मार्गदर्शन हे वशिल्याचे सभ्य नाव ठरेल. काणकोण किंवा सत्तरीतील खेड्यात वाढलेल्या, कोणत्याही प्रबोधिनीचे नाव पाठीशी नसलेल्या मुलीला त्या नोंदवहीत जागा कशी मिळेल, याचे उत्तर संस्थेकडे हवे. शाळांच्या आणि गावातील क्लबांच्या माजी खेळाडूंना सामावून घेणे हा त्यावरील एक उपाय आहे.

सुरक्षिततेचा प्रश्नही तेवढाच महत्त्वाचा. अल्पवयीन खेळाडूंशी होणारा संवाद पालकांच्या माहितीने आणि संस्थेच्या देखरेखीखालीच व्हावा. तक्रार कोणाकडे करायची हे पहिल्याच दिवशी सांगितले जावे. नोकरी मिळवून देण्याच्या नावाखाली पैसे मागणारा माणूस मार्गदर्शक नव्हे, ही गोष्टही मुलांच्या कानी घालणे अगत्याचे आहे.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. एखाद्या शाळेने किंवा क्लबने गेल्या वीस वर्षांतील आपल्या खेळाडूंची यादी काढली, त्यांतील दहा जणांना बोलावले आणि प्रत्येकाकडे एक विद्यार्थी सोपवला, तरी सुरुवात होते. खाशाबांना पदकानंतर नोकरीसाठी तीन वर्षे थांबावे लागले. आजच्या खेळाडूची तेवढी वर्षे वाचवणे हे त्या दहा जणांच्या हाती आहे.