शिडावरची भाषा : चौकोनी शिडांची जहाजे आणि हिंदी खलाशी

मुंबई गोदीतील जहाजांचा इतिहास बहुधा ती बांधणाऱ्यांपाशी थांबतो. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. या नौकेबरोबर वाडियांचे नावही टिकले, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या काळी अशा बांधणीची व्यापारी जहाजे हाकणारे हिंदी खलाशी शोधायचे तर लाकडापेक्षा शब्दांकडे वळावे लागते.

अरबी बगल्याचे तिरके शीड बरेचसे खालून, तख्तावरूनच हाताळता येई. चौकोनी शिडांचे तसे नव्हते. डोलकाठीला आडव्या टांगलेल्या वाशांवर एकावर एक शिडे असत. वादळात ती गुंडाळण्यासाठी माणसे दोरखंडांवरून वर चढत आणि वाशाखालच्या एका दोरावर पाय रोवून ओल्या कापडाशी झुंजत. वाऱ्यात ओरडलेला हुकूम तत्क्षणी समजला नाही तर माणूस समुद्रात जाई. म्हणूनच टॉमस रोबक याने १८११ मध्ये कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्थानी नौकानयनकोश छापला. हुकूम देणाऱ्या साहेबांनाच खलाशांची बोली शिकावी लागली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

ही बोली अनेक किनाऱ्यांची होती. वरच्या शिडाला ‘गावी’ म्हणत. तो पोर्तुगीज ‘गाव्हेआ’. ‘सुकाणी’ हा शब्द अरबी ‘सुक्कान’वरून आला, मराठीतील सुकाणूही त्याच कुळातले. सारंग आणि टिंडल हे हुद्दे ‘आईन-इ-अकबरी’तील जहाजी नोकरांच्या यादीत सापडतात, कोकणातला तांडेल तो हाच. त्याच यादीत समुद्राची खोली व तारे जाणणाऱ्या वाटाड्याला ‘मुअल्लिम’, म्हणजे शिक्षक, म्हटले आहे.

या कौशल्याला कायद्याने मात्र दर्जा दिला नाही. ब्रिटिश संसदेच्या १८२३ च्या कायद्यानुसार कंपनीच्या मुलखात जन्मलेला लास्कर हा नौकानयन कायद्यांपुरता ‘ब्रिटिश खलाशी’ गणला जात नसे. त्याचा पगारही गोऱ्या खलाशापेक्षा बराच कमी असे. कोकणी मुसलमान, कच्छी, सिलहटी असे सारे या एकाच वर्गात ढकलले गेले.

जॉर्ज स्मॉल याने १८८२ मध्ये रोबकचा कोश सुधारून काढला, तेव्हा शिडांची जागा वाफ घेत होती. सारंग आणि टिंडल हे हुद्दे मात्र आगबोटींवरही चालू राहिले.