कोसी नदीचा जलोढ पंखा

डोंगराळ प्रदेशातून वेगाने येणारा प्रवाह सपाटीवर उतरताच त्याची वहनक्षमता घटते व बरोबरचे गोटे, वाळू आणि गाळ तो तेथेच टाकतो. पात्र भरून उंचावले की प्रवाह शेजारच्या सखल भागाकडे वळतो आणि तेथेही भर घालतो. ही क्रिया दीर्घकाळ चालून डोंगराच्या तोंडाशी शीर्ष व मैदानाकडे पसरत गेलेला पाया असे जे भूरूप तयार होते, त्यास जलोढ पंखा म्हणतात. काश्मीर संस्थानच्या सेवेतील इंग्रज भूवैज्ञानिक फ्रेडरिक ड्रू यांनी सिंधूच्या वरच्या खोऱ्यातील अशा पंख्यांचे वर्णन १८७३ मध्ये प्रसिद्ध केले. लडाखमधील हे पंखे लहान आहेत. नेपाळ व उत्तर बिहारमधील कोसीचा पंखा मात्र सु. १५० किमी. लांब असून त्यावर लक्षावधी लोक राहतात.

सुनकोसी, अरुण व तमोर यांच्या संगमानंतर कोसी चतरा येथे हिमालय सोडते. अस्थिर उतारांवरून पावसाळ्यात येणारा गाळ प्रचंड असल्याने तिचे पात्र फार काळ एका जागी राहिलेले नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती पूर्णियाजवळून वाहत होती. १९५० च्या सुमारास ती तेथून पश्चिमेला सु. ११० किमी.वर होती. पुण्याजवळील खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्रातील गोळे व चितळे यांनी १९६६ मध्ये या स्थलांतराचे विवेचन केले. नदी क्रमाक्रमाने पश्चिमेकडेच सरकत गेली, असे पुष्कळ काळ मानले जाई. तथापि जुन्या नकाशांच्या फेरतपासणीवर आधारलेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ती दोन्ही बाजूंना आंदोलने घेत होती असे मत मांडण्यात आले. हा भेद केवळ पंडिती नव्हे. नदी एकाच दिशेने जाते असे गृहीत धरले, तर तिने सोडलेला पूर्वेकडील प्रदेश सुरक्षित ठरतो. वस्तुतः तेथील जुनी पात्रे बुजलेली असली, तरी नाहीशी झालेली नाहीत.

कलकत्ता येथे १८९७ मध्ये भरलेल्या परिषदेत कोसीचे प्रवाह आवरणे व्यवहार्य नाही, असा निष्कर्ष निघाला होता. १९५३ च्या पुरानंतर मात्र दुसरा मार्ग स्वीकारला गेला. भारत-नेपाळ करार २५ एप्रिल १९५४ रोजी झाला, १९५५ मध्ये तटबंधांचे काम सुरू झाले व १९६३ मध्ये भीमनगरजवळचा बराज पुरा झाला. तटबंधांबाहेरील मोठे क्षेत्र दरवर्षीच्या पुरापासून सुटले, हे मान्य केले पाहिजे; परंतु दोन तटबंधांमध्ये राहिलेल्या गावांच्या वाट्याला पूर कायमचा आला. शिवाय पूर्वी पंखाभर पसरणारा गाळ आता या अरुंद पट्ट्यात साचू लागला आणि नदीचा तळ बाहेरच्या जमिनीपेक्षा उंच झाला.

१८ ऑगस्ट २००८ रोजी बराजच्या वरच्या बाजूस सु. १२ किमी.वर नेपाळमधील कुसहा येथे पूर्वेकडील तटबंध फुटला. त्या दिवशी प्रवाह सु. १·४४ लाख घ. फूट प्रतिसेकंद, म्हणजे अभिकल्पित क्षमतेच्या जेमतेम एक-सप्तमांश होता. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी याच नदीने ७·८८ लाखांचा पूर वाहून नेला होता. कोसीच्या बहुतांश पाण्याने पूर्वेकडील जुन्या पात्रांची वाट धरली आणि सुपौल, मधेपुरा, अररिया व पूर्णिया या जिल्ह्यांत पाणी पसरले. त्यांतील अनेक गावांना कित्येक दशके कोसीचा पूर ठाऊक नव्हता. नावा नव्हत्या, उंचवट्यावर घरे बांधण्याची जुनी रीतही मागे पडली होती. तीस लाखांहून अधिक लोकांना या आपत्तीची झळ बसली. अतिवृष्टीपेक्षा उंचावलेला तळ व तटबंधाची दुरवस्था यांनाच तिचे प्रमुख कारण मानावे लागते.

जानेवारी २००९ मध्ये भगदाड बुजवून नदी पुन्हा तटबंधांमध्ये आणली गेली. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस बराजमधून ६·६१ लाख घ. फूट प्रतिसेकंद पाणी सोडावे लागले, तेव्हा दरभंगा जिल्ह्यात पश्चिमेकडील तटबंध फुटला.