पालेर्मोचे संत लॉरेन्स प्रार्थनागृह

गोमंतकात ‘ओरातोर’ म्हटले की घरातला लाकडी देव्हारा डोळ्यांपुढे येतो. इटलीत मात्र हाच शब्द धर्मबंधुमंडळाच्या, म्हणजे आपल्याकडील ‘कॉन्फ्रारिया’च्या, प्रार्थनागृहालाही लावतात. सिसिलीतील पालेर्मो शहरात अशी बरीच प्रार्थनागृहे आहेत. त्यांतील संत लॉरेन्सचे प्रार्थनागृह आकाराने लहान. पण त्याचे प्राक्तन काही निराळेच.

संत फ्रान्सिसच्या भक्तमंडळाने सोळाव्या शतकात उभारलेल्या या वास्तूच्या भिंती जाकोमो सेर्पोत्ता (१६५६–१७३२) या शिल्पकाराने १६९९ नंतरच्या काही वर्षांत सजविल्या. त्याचे द्रव्य संगमरवर नव्हे, तर चुना! लाकूड व तारा यांचा सांगाडा करावा, त्यावर गिलावा चढवावा आणि अखेरीस संगमरवराची पूड मिसळलेल्या चुन्याचा हात देऊन घोटावे, अशी त्याची रीत होती. त्यामुळे मूर्तींना मोत्यासारखी झळाळी येई. दोन्ही संतांच्या चरित्रातील प्रसंग, सद्गुणांच्या स्त्रीरूप प्रतिमा आणि त्यांच्याभोवती बागडणारी नागडी बाळे! त्यांतले एक तर साबणाचे फुगे उडवीत आहे. सोन्याने मढविलेल्या गोव्याच्या वेदी पाहिलेल्या डोळ्यांना ही निखळ शुभ्रता प्रथम रिती वाटेल. क्षणभर थांबावे, म्हणजे तीच भरलेली दिसू लागते.

या शुभ्रतेला एक काळोखी केंद्रबिंदू होता. वेदीवर काराव्हाज्जोचे ‘ख्रिस्तजन्म’ हे चित्र असे. थकून भुईवर बसलेली मरिया, गवतावरचे बाळ, बाजूंना दोन्ही संत आणि वरून झेपावणारा देवदूत. सेर्पोत्ताने काम आरंभिले तेव्हा हे चित्र तेथे होतेच. भोवतालचा उजेड त्याने त्या अंधाराशी ताडून बेतला असावा, असे मला वाटते.

१९६९ च्या ऑक्टोबरात एका रात्री चोरट्यांनी सुमारे पावणेतीन मीटर उंचीचे हे चित्र चौकटीतून कापून नेले. पुढे माफियांच्या साक्षीदारांनी नाना हकिगती सांगितल्या: कोणी म्हणे ते जाळले, कोणी म्हणे उंदीर-डुकरांनी कुरतडले. त्या एकमेकींशी जुळत नाहीत. डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या छायाचित्रांवरून यंत्रसाहाय्याने केलेली प्रतिकृती वेदीवर बसविण्यात आली. ती प्रतिकृतीच आहे, हे खरे. परंतु तिच्यामुळे सेर्पोत्ताच्या त्या बाळांना पाहायला पुन्हा काहीतरी मिळाले.