हार्डबॉइल्ड रहस्यकथा

गुन्ह्याचा छडा लावणारा स्वतःच पुरता स्वच्छ नसतो, अशी रहस्यकथा. अमेरिकेत ती रुजली दारूबंदीच्या काळात (1920–33), ‘ब्लॅक मास्क’सारख्या स्वस्त मासिकांतून. डॅशिएल हॅमेट हा पिंकर्टन संस्थेचा माजी गुप्तहेर. त्याच्या ‘रेड हार्वेस्ट’मधला (1929) बिननावाचा नायक एका खाणगावातल्या टोळ्या एकमेकींवर सोडतो, आणि पुढे रक्ताची चटक आपल्यालाच लागतेय की काय, या विचाराने धास्तावतो. वाचकाला धरून ठेवते ती ही धास्ती. खुनी सापडला की कोडे सुटते; छडा लावणाऱ्याने त्यासाठी काय गमावले, तो हिशेब मात्र मागे उरतो.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड कायद्याची चौकट खुशाल ओलांडतात, पण त्यांच्या मनाला ओरखडा उठत नाही. म्हणून ते लाडके झाले आणि म्हणूनच या नोंदीत बसत नाहीत. खरा नमुना गुप्तहेरकथेबाहेर सापडतो. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून गोविंद निहलानींनी ‘अर्धसत्य’ (1983) हा हिंदी चित्रपट केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातला फौजदार अनंत वेलणकर दारूच्या नशेत कोठडीतल्या माणसाला इतका मारतो की तो दगावतो. मग सुटकेसाठी त्याला ज्या गुंड रामा शेट्टीचे पाय धरावे लागतात, त्याच्याशीच तो आजवर झुंजत आलेला असतो.

अशा कथा हिंसेला डोक्यावर घेतात, हा आक्षेप सर्रास ऐकू येतो. सुमार अनुकरणांबाबत तो खराच आहे. तिथे दारू आणि शिव्या म्हणजे नायकाचे दागिने. वेलणकर शेट्टीला मारतो तेव्हा प्रेक्षक सुखावतो हेही नाकारता येत नाही, पण लगेच तो स्वतःला पोलिसांच्या हवाली करतो आणि ते सुख घशात अडकते. दोषाची किंमत दोषी माणसालाच मोजावी लागते, ही इथली अट आहे.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. त्याला उत्तर वर्ध्यात मिळते. गांधीजींच्या सेवाग्राममुळे हा जिल्हा 1970 च्या दशकापासून दारूबंदीखाली आहे, तरी गावठी दारूच्या भट्ट्यांवर धाडी पडतच असतात. हॅमेटच्या अमेरिकेप्रमाणेच कायदा एक सांगतो आणि तहान दुसरेच मागते. तिथे धाड घालणारा जमादार स्वतः पिणारा निघाला, तर त्याची गोष्ट सांगायला परदेशी साचा लागणार नाही.