तळ केव्हा लागला? : अमेरिकेतील गृहबाजाराची घसरण (२००६–२०१२) आणि कालनिर्णयाचा प्रश्न

प्रस्तावना

आर्थिक इतिहासाच्या ग्रंथांत मंदीचा आरंभ आणि शेवट निश्चित तारखांनिशी दिलेला आढळतो. अमेरिकेतील घरांच्या किमती २००६ च्या मध्यास शिखरावर पोहोचल्या, २०१२ च्या प्रारंभी तळाला गेल्या आणि या काळात देशपातळीवरील केस-शिलर निर्देशांक सुमारे २७ टक्क्यांनी घसरला, असे आज निःशंकपणे लिहिता येते. परंतु त्या सहा वर्षांत घर विकावे की राखावे, विकत घ्यावे की थांबावे, हा निर्णय ज्यांना करावा लागला त्यांच्यापुढे ही तारीख नव्हती. पश्चात्बुद्धीने आखलेला आलेख आणि त्या काळी उपलब्ध असलेले ज्ञान यांतील अंतर तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

तळाची पहिली घोषणा फार लवकर झाली. ऑक्टोबर २००६ मध्ये, म्हणजे शिखरानंतर अवघ्या काही महिन्यांत, फेडरल रिझर्व्हचे माजी अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी गृहबाजारातील सर्वांत वाईट काळ बहुधा सरला असावा असे मत व्यक्त केले. मार्च २००७ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी बेन बर्नान्की यांनी दुय्यम दर्जाच्या गृहकर्जांचे दुष्परिणाम मर्यादित राहण्याची शक्यता आहे, अशी साक्ष अमेरिकी काँग्रेससमोर दिली. पुढे सप्टेंबर २००८ मध्ये फॅनी मे व फ्रेडी मॅक या संस्था शासनाने ताब्यात घेतल्या आणि त्याच महिन्यात लेहमन ब्रदर्स कोसळली. या दोघांची आज थट्टा करणे सोपे आहे. मात्र त्यांच्यासमोरील कोणता पुरावा दिशाभूल करणारा होता, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

दोन तळ

गृहबाजाराला एक नव्हे, दोन तळ असतात ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. पहिला तळ बांधकामाचा. जानेवारी २००६ मध्ये नव्या घरांच्या बांधकामास प्रारंभ होण्याचा वार्षिक दर सुमारे २२.७ लाख होता. एप्रिल २००९ मध्ये तो ४.८ लाखांच्या आसपास आला आणि तेथून खाली गेला नाही. दुसरा तळ किमतींचा, व तो त्यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी लागला. पहिला तळ पाहून दुसराही लागला असे मानणाऱ्यांची फसगत झाली.

या विलंबाचे कारण घर या वस्तूच्या स्वरूपातच आहे. शेअरची किंमत क्षणात कोसळते. घराचा मालक मात्र आपण दिलेल्या किमतीखाली विकायला राजी होत नाही. तो वाट पाहतो. परिणामी आधी व्यवहार आटतात आणि किमती नंतर, रडतखडत उतरतात. कार्ल केस व रॉबर्ट शिलर यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिले होते की घरांच्या किमतींना एक प्रकारची गती असते. यंदा उतरलेली किंमत पुढील वर्षीही उतरण्याकडे कल असतो. लॉस एंजेलिसचा दाखला तर ताजा होता. तेथे १९९० मध्ये सुरू झालेली घसरण १९९६ पर्यंत चालली होती. हा अनुभव २००७ मध्ये गंभीरपणे विचारात घेतला गेला असता, तर एक-दोन वर्षांत सावरण्याची भाषा कदाचित कमी ऐकू आली असती.

खोटा तळ

२००९ च्या वसंत ऋतूनंतर किमती थोड्या वर चढल्या. याच सुमारास शासनाने प्रथमच घर घेणाऱ्यांना ८,००० डॉलरपर्यंत करसवलत दिली होती. तिची मुदत वाढवून ३० एप्रिल २०१० पर्यंत करार करणाऱ्यांना ती लागू करण्यात आली. मुदत संपली आणि जुलै २०१० मध्ये जुन्या घरांची विक्री एका महिन्यात सुमारे २७ टक्क्यांनी घटली. पुढच्या काळातील मागणी आधीच ओढून आणली गेली होती, इतकेच. एप्रिल २०१० ते २०१२ चा प्रारंभ या अवधीत देशपातळीवरील किमती ६ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान उतरल्या. म्हणजे १,७०,००० डॉलरच्या घरावर १०,००० डॉलरहून अधिक तूट. सवलतीने दिले त्याहून जास्त बाजाराने हिरावून घेतले. ज्या कुटुंबांनी सवलत हाच तळाचा पुरावा मानला, त्यांना ही किंमत मोजावी लागली.

आकडेवारीही निर्दोष नव्हती. केस-शिलर निर्देशांक तीन महिन्यांची सरासरी असून तो सुमारे दोन महिन्यांच्या विलंबाने प्रसिद्ध होतो. घरदलालांच्या राष्ट्रीय संघटनेने तर डिसेंबर २०११ मध्ये २००७ ते २०१० या वर्षांचे जुन्या घरांच्या विक्रीचे आपलेच आकडे सुमारे १४ टक्क्यांनी कमी केले. त्यातच २०१० च्या शरद ऋतूत, कागदपत्रे न तपासता यांत्रिकपणे सह्या करून घरे जप्त केल्याचे उघड झाल्यावर जप्त्या रेंगाळल्या. न्यायालयीन आदेशाशिवाय जप्ती न होणाऱ्या न्यू यॉर्क, न्यू जर्सी, फ्लोरिडा या राज्यांत प्रकरणे वर्षानुवर्षे साचली. ॲरिझोनात ती तुलनेने झटपट निकाली निघाली. फिनिक्स शहरातील किमती २०११ च्या शरद ऋतूतच स्थिरावल्या, यामागे हे एक कारण मानता येईल.

विश्वसनीय ठरलेल्या खुणा

किमतींचा आलेख तळ सांगू शकत नव्हता. मे २०१२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या पहिल्या तिमाहीच्या आकड्यांनीही नवा नीचांकच दाखवला, आणि तोवर तळ मागे पडला होता. दोन खुणा मात्र आधीच बोलत होत्या. विक्रीसाठी असलेल्या जुन्या घरांचा साठा २००७ च्या उन्हाळ्यात सुमारे ४० लाख होता. जानेवारी २०१२ मध्ये तो २३ लाखांच्या आसपास आला. दुसरी खूण भाड्याची. किंमत आणि भाडे यांचे गुणोत्तर तेजीपूर्व पातळीजवळ परतल्याने घर भाड्याने देण्यासाठी विकत घेणे पुन्हा परवडू लागले. २०१२ मध्ये मोठ्या गुंतवणूक संस्था फिनिक्ससारख्या शहरांत घरे खरेदी करू लागल्या, त्या याच हिशेबाने. ज्यांची घरे गेली त्यांपैकी कित्येकांना पुढे अशाच मालकांचे भाडेकरू व्हावे लागले असणार, याची नोंद निर्देशांकात होत नाही.

भारतीय अभ्यासकाला येथे थोडे थांबावे लागते. मुंबईतील जागांच्या किमती १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर उतरल्या, हे सर्वश्रुत आहे. परंतु राष्ट्रीय आवास बँकेचा ‘रेसिडेक्स’ निर्देशांक २००७ मध्ये सुरू झाला. त्यापूर्वीच्या घसरणीचा तळ शोधायचा तर नोंदणी कार्यालयातील खरेदीखतांकडेच वळावे लागेल. त्या खतांत लिहिलेली रक्कम आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम यांतील तफावत लक्षात घेता ते काम सोपे नाही. रेडी रेकनरचे दर तर मुद्रांक शुल्कासाठी शासनाने ठरवलेले. त्यांत बाजाराची घसरण उमटेलच असे नाही.

‘देशाचा तळ’ ही संकल्पनाही सावधपणे वापरावी लागते. लास वेगासमध्ये किमती शिखरापासून सुमारे ६० टक्क्यांनी कोसळल्या, तर डॅलसमध्ये घसरण याच्या तुलनेत किरकोळ होती. २०११ च्या अखेरीस सुमारे १ कोटी १० लाख घरांवरील कर्जाची बाकी घराच्या किमतीहून अधिक होती. अशा कुटुंबाला दुसऱ्या गावी नोकरी मिळाली तरी घर विकून जाता येत नव्हते. त्याच्या दृष्टीने तळ म्हणजे निर्देशांक वळला तो महिना नव्हे, तर कर्ज आणि किंमत यांची पुन्हा गाठ पडली तो दिवस. देशपातळीवरील निर्देशांकाने २००६ चे शिखर २०१६ च्या अखेरीस पुन्हा गाठले. लास वेगास त्यानंतरही काही वर्षे त्या पातळीखालीच होते.